नाव सांगा, वस्तू घ्या

बाजाराच्या वळणावर खिळ्यामोळ्यांचं एक दुकान होतं आणि त्या दुकानात मावशी होती. दुकान मूळचं नवऱ्याचं. पण तो गेल्यापासून तिनं ते असं चालवलं की लोक त्याला विसरूनच गेले. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती. तरी सुतार, प्लंबर, रंगारी, आसपासच्या बायका सगळे तिला मावशीच म्हणत, आणि सगळे तिला जरा टरकूनही असत. कारण दुकानाचा एक नियम होता. वस्तूचं नाव सांगायचं, मगच वस्तू मिळायची. "ते हे द्या" म्हणणाऱ्याला ती बाजूला उभं करायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

"दाराला असतं ना, ते द्या," असं कुणी म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, "दाराला बिजागरी असते, कडी असते, कोयंडा असतो, आणि टेकून उभा राहिलेला रिकामटेकडाही असतो. यातलं काय देऊ?"

नव्या शब्दांनी तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबत. एकदा एक तरुण वायरमन म्हणाला, "मावशी, एक विषय हार्ड पाना दाखवा." ती म्हणाली, "सगळे पाने हार्डच असतात, बाबा. मऊ पाना कुठं मिळाला तर मला आणून दे, मी काचेच्या कपाटात ठेवीन." तो बिचारा दुसऱ्या दुकानात गेला आणि तिथं तसला पाना नाही म्हणून परत आला. कडक, भावा, लोड घेऊ नका, हे शब्द ऐकले की ती गिऱ्हाइकाला सुटे पैसेसुद्धा सरळ देत नसे. पण तिचा खरा राग होता तो 'सीन' या एका शब्दावर. घरी सतरा वर्षांची नात होती, तिच्या तोंडी तो दिवसभर असे. "शब्दांचं दारिद्र्य आलंय," मावशी सुनेला सांगायची, "परीक्षाही सीन, भांडणही सीन, फिरायला जाणंही सीन. एका शब्दात सगळा संसार उरकतात ही पोरं."

अशा बाईच्या बाबतीत ते घडलं, म्हणून कुणाला कळलं नाही.

एका दुपारी सुतार आला. जुनं गिऱ्हाईक. त्याला कपाटाच्या दारांसाठी बिजागऱ्या हव्या होत्या. तिनं खोका काढला, एक बिजागरी हातात घेतली आणि किती देऊ म्हणून विचारायला तोंड उघडलं. हातात वस्तू होती. तिचं वजन ओळखीचं, तिचा खिळा ओळखीचा, ती कुठं लागते हेही माहीत. नाव मात्र नव्हतं. ओठांवर येऊन अडलंय असंही नाही. नाव जिथं असायला हवं तिथं काहीच नव्हतं. सुतार वाट बघत होता. आणि मग तिच्या तोंडून निघालं, "हा सीन किती देऊ?"

सुतार आधी चमकला आणि मग पोट धरून हसला. "मावशी, तुम्हीसुद्धा? आता बघायचं काय राहिलं?" संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या गल्लीत झाली. मावशीही हसली.

तिला तिची आई आठवली. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी भांड्यांची नावं गेली, मग भाज्यांची, मग माणसांची. सगळ्याला ती 'ते' म्हणायची. घरातले आधी हसले, मग वैतागले, आणि शेवटी भावानं तिला मागच्या खोलीत ठेवून दाराला बाहेरून कडी लावली. तिच्याच भल्यासाठी, असं सगळे म्हणत. मावशी भेटायला जायची तेव्हा आई आतून दार चाचपत असे. मावशीला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती त्या खोलीची.

म्हणून तिनं तो शब्द धरून ठेवला. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच पदराआड ती लपली. पकडीचं नाव गेलं की पकड सीन झाली, कानशीचं गेलं की कानस सीन झाली. गिऱ्हाइकाचं नाव सुचलं नाही की ती त्याला भावा म्हणू लागली, बायकांनासुद्धा. लोकांना मजा वाटायची. नियमही आपोआप सैल झाला. मुलगा जेवताना म्हणाला, "आईला उशिरा का होईना, पण हवा लागली बाहेरची." सूनही खूश, कारण आता टोमणे कमी झाले होते. नात तर मैत्रिणींना घेऊन दुकानात आली. "आजी, बोल ना काहीतरी," म्हणाली. मावशी "लोड घेऊ नका, भावांनो," म्हणाली आणि पोरी हसून बेजार झाल्या. माकडाचा खेळ चालल्यासारखं वाटलं तिला. पण खेळ चालू होता तोवर कुणी पडदा सारून आत बघत नव्हतं, तेवढं तिला पुरे होतं.

सकाळी शटर उघडलं की ती गिऱ्हाईक येण्याआधी फळ्यांपुढे उभी राहायची आणि शाळेतल्या मुलीसारखी एकेका वस्तूला हात लावून नाव घ्यायची. काही नावं यायची. काल आलेलं आज यायचं नाही. न आलेल्या वस्तूपासून ती घाईघाईनं पुढच्या फळीकडे सरकायची.

सुट्टी लागली तशी नात दुकानात येऊन बसू लागली. घरी करमत नाही म्हणाली. पोरगी चुळबुळी, पण कान तिखट. दोन-चार दिवस ती ऐकत होती. मग एका सकाळी स्टुलावर पाय हलवत म्हणाली, "आजी, राग येणार नसेल तर एक सांगू?"

"सांग."

"तू सीन चुकीचा वापरतेस. सीन म्हणजे काहीतरी भानगड, काहीतरी घडणं. काय सीन आहे, सीन झाला, असं म्हणतात. पान्याला कोणी सीन म्हणत नाही. आमच्यातलं कोणीच नाही."

मावशीच्या हातातला पाना खाली पडला. वाकून उचलायला तिनं उगाच वेळ लावला. "तुमच्या शब्दांना कसले आलेत नियम," ती म्हणाली.

"असतात ना," नात म्हणाली. ती आता हसत नव्हती. "आणि तू मला काल दिवसभर भावा म्हणालीस. एकदाही नावानं हाक मारली नाहीस."

"आवडतं ना तुला?"

"आधी आवडत होतं."

तेवढ्यात रफूवाली आली, म्हणून मावशी सुटली. फाटके कपडे बेमालूम रफू करणारी ही बाई वर्षानुवर्षांची ओळखीची. आज घाईत होती. "मावशी, गॅसची नळी द्या. जुनीला चिरा पडल्यात. घरी चूल बंद आहे, सासूबाई उपाशी बसल्यात." मावशीनं मागच्या भिंतीवरच्या वेटोळ्यातून नळी मापून कापली, दिली, आणि रफूवाली पैसे ठेवून धावतच गेली.

नातीपुढे पुन्हा बसायला नको म्हणून मावशी वेटोळं नीट करायला भिंतीपाशी गेली. कापलेल्या टोकावरून तिचा अंगठा फिरला. टोक गुळगुळीत होतं. आत तारेची जाळी नव्हती. ही पाण्याची नळी होती. रंग तसाच नारिंगी, जाडी तशीच, पण ऊब लागली की मऊ पडणारी. गॅसची नळी शेजारच्या खुंटीवर जशीच्या तशी होती.

रफूवाली घरी पोचली असेल. नळी लावत असेल. आणि मावशीनं दिलेली वस्तू कुणी तपासून घेत नाही, हीच तर तिची आयुष्यभराची कमाई.

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली आणि थांबली. कुठं जायचं? त्या घरी ती किती वेळा गेली होती. जिना आठवत होता, दारातला कपड्यांचा ढीग आठवत होता. गल्ली आठवत नव्हती. बाईचं नावही आठवत नव्हतं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्ही रस्ते सारखेच परके होते.

"काय झालं?" मागून नात आली.

"ती भावा," मावशी म्हणाली, "आत्ता आलेली, तो सीन घेऊन गेलेली, ती कुठं..." अजून एखादा शब्द टाकून निभावेल, असं मावशीला क्षणभर वाटलं. निभावलं असतं तर पोरीला कधीच कळलं नसतं. पण तिकडे काडी ओढली जाणार होती.

"मला तिचं नाव आठवत नाही," ती म्हणाली. "घर आठवत नाही. कशाचीच नावं येत नाहीत मला. सीन बीन सगळं त्यासाठीच. मी तिला चुकीची नळी दिली, ती गॅसला लावेल. चल, मला घेऊन चल."

नातीचा चेहरा पांढराफटक पडला, पण पोरगी खमकी. तिनं खुंटीवरच्या गॅसच्या नळीचा तुकडा कापून घेतला, आजीचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच निघाली. कपडे रफूला द्यायला नात त्या घरी जात असे. लॉन्ड्रीच्या मागची गल्ली, मग जिना. मावशीचा दम उखडला होता. वरून काही आवाज येतोय का, हे ऐकण्यात तिचे कान गुंतले होते.

दार उघडंच होतं. ओट्यापाशी रफूवाली वाकली होती. नळी बसवून झाली होती. काडेपेटी हातात होती.

"काडी ओढू नका," नात ओरडली.

रफूवाली दचकली. नातीनं सिलिंडरचा खटका बंद केला, खिडकी उघडली, नळी उपटून काढली. मावशी चौकटीला धरून उभी होती, तिला आत पाऊल टाकवत नव्हतं. कोपऱ्यातली म्हातारी सासू सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती.

"ही पाण्याची नळी आहे," नात धापा टाकत म्हणाली. "माझ्या हातून चुकून कापली गेली. सॉरी."

"तरीच," रफूवालीनं सुस्कारा टाकला. "मावशींच्या हातून असं व्हायचंच नाही. नवीन आहेस, शिकशील हळूहळू."

नातीनं आजीकडे बघितलं, गप्प राहा म्हणून. गप्प राहणं सोपं होतं. दुकान राहिलं असतं, मान राहिला असता, आणि मागच्या खोलीचं दार आणखी काही दिवस लांब राहिलं असतं.

"तिनं नाही," मावशी म्हणाली. "मी कापली."

"तुम्ही? आणि अशा कशा चुकलात?"

मावशीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय झालंय याला एक शब्द होता, डॉक्टर आईच्या वेळी म्हणाला होता तो. तो आला नाही. त्याच्या जागी सीन आला, अगदी जिभेवर, रोजच्यासारखा तयार. तिनं तो गिळला. दुसरा कुठलाच शब्द नव्हता, म्हणून ती तशीच तोंड उघडं ठेवून उभी राहिली. रफूवाली वाट बघत राहिली. मग वाट बघता बघता तिला कळलं, तिनं काडेपेटी ओट्यावर ठेवली आणि हातानं तोंड झाकलं. नातीनं येऊन आजीचा हात पुन्हा धरला.