न तोललेली दोन संत्री

खंडेराव मार्केटातल्या त्या गुजराती फळवालीचं नाव मी कधी विचारलं नाही. तराजूचा काटा मध्यावर येईपर्यंत ती फळं बदलत राहायची, म्हणूनच मी तिच्याकडे जायचो. नाताळच्या सकाळी मात्र तिनं किलोभर संत्री तोलून दिली आणि वर दोन न तोलताच पिशवीत टाकली. मला शंका आली. घरी ती दोन बाजूला ठेवून वजन केलं, तर किलो पूर्ण भरला. वरची दोन उलटसुलट करून पाहिली, कुठे डाग नव्हता. त्यामुळे शंका वाढलीच. ती दोन घेऊन मी परत गेलो.

"बेन, ही जास्त आली."

"आली नाहीत, दिली."

"कशासाठी?"

"वर्षभर तोलूनच देते ना, मोटाभाई? आजच्या दिवशी देवानं स्वतःचा लेक जगाला दिला, तो काय तोलून दिला? आज मलाही तसं देऊ द्या."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. संत्री माझ्याच हातात राहिली.

घरी परतताना जिन्यात शेजारी भेटले. त्यांच्यापुढे मी एक संत्रं धरलं. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "काय काम काढलंत?"

काहीच काम नव्हतं, पण ते त्यांना कसं पटवावं, हे मला सुचेना.