छातीचा फोटो

पिपलानीत, कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये विश्वास खांबेटे राहायचे. मूळचे उज्जैनचे, कारखान्यात टर्नर, आणि अंगाने इतके किरकोळ की त्यांचा शर्ट दोरीवर वाळत असला काय आणि त्यांच्या अंगात असला काय, मला लांबून फरक कळत नसे. मी त्यांना भारी चिडवायची. ते हसायचे. त्या हसण्यामागे माणूस पार घाबरलेला आहे, हे मला त्यांच्या बायकोने, कांचनने, सांगितलं.

विश्वासभाऊजींचे वडील क्षयाने गेले. भाऊजी तेव्हा शाळेत होते. वडिलांच्या बरगड्या आधी बनियनमधून दिसायला लागल्या, मग सदऱ्यातून, आणि मग वडीलच राहिले नाहीत. तेव्हापासून आंघोळीला बसले की भाऊजी स्वतःच्या बरगड्यांवरून हात फिरवत. खोकला आला तर रुमाल उजेडात नेऊन बघत. "एकदा छातीचा फोटो काढून घ्या ना," कांचन म्हणायची. छातीचा फोटो म्हणजे एक्स-रे. कॉलनीच्या दवाखान्यात त्याची सोय होती. पण तो दवाखाना वाटेत लागू नये म्हणून हा माणूस लांबच्या रस्त्याने बाजारात जायचा! फोटोत काही निघालं तर? त्यापेक्षा अंगावर मांस चढवू, मांस चढलं म्हणजे आजार नाही, असा हिशोब त्यांनी मनाशी करून टाकला.

झालं, क्लबामागच्या व्यायामशाळेत नाव घातलं. आमचे हे, सुरेश, तिथले जुने गडी. तेच घेऊन गेले. शिकवायला रफीक उस्ताद. त्यांनी भाऊजींना वरून खाली पाहिलं आणि 'काय राव' म्हणावं तशा तिथल्या बोलीत विचारलं, "को खां, बदन चाहिए कि ताकत?"

"वजन चाहिए," भाऊजी म्हणाले.

"तो पहले ताकत बनाओ. भारी उठाओ, गिन के उठाओ, आराम करो, डट के खाओ. दुबले आदमी का गोश्त पीछे से आता है, मियां, और धीरे आता है."

'धीरे' हा शब्द ऐकायची भाऊजींची तयारी नव्हती. उस्तादांसमोर ते सांगितलेलं करत, आणि उस्तादांची पाठ वळली की आरशासमोर डंबेल घेऊन दंड फुगवत बसत. फुगलेले दंड उतरायच्या आत घरी पळत येत, कांचनला दाखवायला. जेवायला बसेपर्यंत ते परत होते तसे होत. दर रविवारी सोनागिरीला धान्याच्या दुकानात पोती मोजायच्या काट्यावर उभे राहत. दुकानदार म्हणे, "बाबूजी, वही के वही."

ताकद मात्र वाढली होती. आमचं घर वरच्या मजल्यावर. एकदा भरलेला गॅसचा सिलिंडर त्यांनी एकट्याने खांद्यावरून आणून दिला, धाप म्हणून लागली नाही. मी म्हटलं, "भाऊजी, कमाल आहे तुमची!" तर ते सिलिंडरशेजारीच खाली बसले. "वहिनी, जोर वाढतोय आणि वजन जागचं हलत नाही. मग खाल्लेलं जातंय कुठे? आतून कोण खातंय?" मी हसण्यावारी नेलं.

त्यानंतर मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांनी नको तो हट्ट केला. छाती भरायची तर बेंचवर निजून एकदम जास्त वजन मारायचं. उस्ताद गावाला गेलेले, व्यायामशाळा रिकामी. सपोर्ट द्यायला, म्हणजे डोक्याशी उभं राहून रॉडखाली हात धरायला, आमचे हे. ह्यांची दुसरी पाळी होती, डबा घेऊन जाता जाताच थांबलेले. "बिनधास्त उचला, मी आहे," असं सांगून उभे राहिले.

रॉड छातीपर्यंत खाली आला आणि कारखान्याचा भोंगा वाजला.

आता आमच्या कॉलनीत भोंगा वाजला की माणूस उठतो. डोकं नंतर जागं होतं, पाय आधी निघतात. आमचे हे तर भोंग्याला तोंडातला घास हातात घेऊन उठलेले मी पाहिलेत. तसेच ते निघाले. डबा उचलला, सायकलवर टांग टाकली आणि गुलमोहराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे आठवलं, आपले हात कशाखाली होते! सायकल तिथेच टाकून हे उलटे पळत सुटले.

इकडे भाऊजींच्या छातीवर रॉड. ओरडायला श्वास नाही. शेवटच्या दिवसांत वडील जसं तोंड उघडत, तसंच आपण उघडतोय, एवढंच त्यांना कळत होतं. आपण मरणार याची त्यांना खात्री पटली. मग कुठून जोर आला कोण जाणे, त्यांनी एक बाजू रेटली, रॉड कलला, एका टोकाच्या वजनाच्या प्लेटा निसटून पडल्या आणि रॉड दुसरीकडे उलटला. हे पोचले तेव्हा भाऊजी छाती धरून जमिनीवर बसले होते.

आता दवाखाना चुकणार नव्हता. ह्यांनी त्यांना तिथे नेलं आणि निरोप मिळताच मी आणि कांचन धावत गेलो. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला तसे भाऊजी गयावया करायला लागले. "मालिश करतो ना घरी. बरं वाटतंय मला." दुखण्यापेक्षा एक्स-रेच्या खोलीच्या दाराचीच त्यांना जास्त भीती. फोटो काढून झाल्यावर बाकावर बसलो, तर मे महिन्यात त्यांचे हात गार पडलेले. कांचन ते चोळत होती. आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे.

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला. "एक पसली चटकी है. आराम करना पड़ेगा."

"और... बाकी?"

"बाकी क्या?"

"अंदर का. फेफड़े."

"एकदम साफ."

भाऊजींनी फुप्फुसांचं पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मग भाऊजी हसायला लागले, हसताना तडकलेली बरगडी दुखली म्हणून कळवळले, आणि कळवळता कळवळता रडायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी फोटो मागून घेतला आणि उजेडात धरून बघत बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "बाबासुद्धा लांबच्या रस्त्यानेच बाजारात जायचे हो. मला वाटायचं, मला फिरायला नेतायत."