कार्मेलोच्या मापाची नळी

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जेराल्डटनमध्ये नेरिनाला न ओळखणारा माणूस विरळा, आणि तिची एकही थाप न ऐकलेला त्याहून विरळा. तिचा नवरा कार्मेलो शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरायचा. बोटीवर वाघ, फोनपुढे शेळी. दाताचा डॉक्टर असो, पाद्री असो, नाहीतर सासुरवाडीचं कुणी, फोन वाजला की तो नुसते हात हलवून ‘नाही, नाही’ करायचा आणि नेरिना गोड आवाजात सांगायची, "तो समुद्रावर आहे." तेव्हा तो तिच्यासमोरच पाव आणि ऑलिव्ह खात बसलेला असे. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. गावाला ठाऊक होतं, गाव हसायचं. तिलाही त्यात मोठेपणा वाटायचा, संसार आपण सांभाळून नेतोय असा.

मग कार्मेलोच्या पोटातल्या महाधमनीला फुगा आल्याचं निघालं. तोही नेमका मूत्रपिंडांना रक्त नेणारे फाटे फुटतात तिथेच. पर्थचे डॉक्टर म्हणाले, पोट फाडायला नको. जांघेतल्या धमनीतून घडी केलेली कापडी नळी वर सरकवायची आणि फुग्याच्या आतून बसवायची. रक्त अडू नये म्हणून प्रत्येक फाट्यासमोर नळीला एक खिडकी. ती त्याच्याच मापाने बेतून शिवणार, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही.

"लग्नातसुद्धा मी भावाचा सूट घातला होता," कार्मेलो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मापाचं काही शिवून मिळतंय, तेही पोटात."

नळी आली नोव्हेंबरअखेर. त्याच आठवड्यात कात टाकून पांढरी झालेली शेवंडं खडक सोडून खोल पाण्याकडे निघाली. शेवंडवाल्यांच्या घरात ऐन कमाईच्या त्या दिवसांत कुणी लग्न काढत नाही. मरणानेही थोडं थांबावं अशी अपेक्षा असते.

"सांग त्यांना, मला खोकला झालाय," कार्मेलो म्हणाला. "नाताळ झाला की जाऊ."

"डॉक्टरांनी बजावलंय, लांबवू नका म्हणून."

"फुगा काय पळून जातोय? शेवंडं जातात."

नेरिनाने फोन लावला. इस्पितळातल्या ब्रॉनविन नावाच्या नर्सला तिने खोकल्याचं असं झकास वर्णन ऐकवलं, की ब्रॉनविननेच मध-लिंबू द्यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर दोघं नवराबायको पोट धरधरून हसली. ते हसू आठवलं की नेरिनाला आजही स्वतःची किळस येते.

जानेवारीत पुन्हा स्कॅन झाला. फुगा वाढून वाकडा झाला होता, फाटे जागचे हलले होते. नळीच्या खिडक्या आता त्यांच्यासमोर येत नव्हत्या. पुन्हा माप, पुन्हा नवी नळी, पुन्हा वाट बघणं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हंगाम झकास झाला पण," परतताना गाडीत कार्मेलो म्हणाला.

मार्चमध्ये एका सकाळी पिंजरे दुरुस्त करता करता तो पाठ धरून खाली बसला. फुगा फुटला होता. इस्पितळात पोचायच्या आतच संपलं.

दफन झालं, आणि पुढच्याच आठवड्यात फोन वाजला. ब्रॉनविन होती, अगदी खुशीत. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

"नेरिना, नवी नळी आली बरं का. या वेळी खोकला चालणार नाही हं. आहेत ना घरी? की समुद्रावर?"

नेरिनाने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. थाप सवयीने ओठांवर आली होती, ती तिने गिळली.

"त्याला खोकला नव्हता, ब्रॉनविन," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हता. तो इथेच, माझ्यासमोर बसला होता."