चाकाला झेंडूचा हार

"अहो, थांबा! ते चाकावर मारू नका!"

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हा आवाज असा घुमला, की पार जबल अली बंदरातल्या क्रेन थबकल्या असतील. ओरडणाऱ्या आजी आमच्याच बिल्डिंगमध्ये मुलाकडे राहायला आलेल्या. नाव मी कधी विचारलं नाही. बाहेर भट्टी पेटलेली, म्हणून त्या साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून रोज इथेच फेऱ्या मारत. प्रत्येक खांबाला देवळातल्यासारखा हात लावून पुढे जात.

दुसऱ्या दिवशी दसरा, गाडीची पूजा. गाडी बायकोची. चाकांचा तेलकट मळ काढायला तिने सौम्य डिग्रीझर आणून ठेवला होता, पण तो मला लेचापेचा वाटला. म्हणून मी ओव्हन साफ करायचा फेस उचलला होता.

"ॲल्युमिनियम आहे ना ते? माझी कढई अशानेच काळी पडली. आधी मागच्या बाजूला थेंबभर लावून बघा."

"आजी, कढई वेगळी, अलॉय व्हील वेगळं. मी इंजिनियर आहे!" असं म्हणून मी चाक माखलं आणि चहाला गेलो.

परत येतो तर चाकाला तव्याची कळा! इतकं घासलं, की डाग तसाच राहिला आणि माझा अंगठा मात्र गुळगुळीत झाला. फोन अजून ओळखत नाही त्याला.

सकाळी बायको खाली यायच्या आधी मी त्या चाकाला भलामोठा झेंडूचा हार बांधला. आजी फेरीवर आल्या. त्यांनी हार उचलून पाहिला, पुन्हा नीट सारखा केला.

"हिला कळणार नाही ना, आजी?" मी कुजबुजलो.

"हार वाळेपर्यंत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खांबाकडे गेल्या.