काय बी अडचण न्हाई

चौसाळ्यात आमच्या शेजारी शेळ्या राखणारे एक मामा राहतात. लहानपणापासून एक पाय अधू, पण कुणीही विचारलं तरी म्हणतात, "काय बी अडचण न्हाई." मागच्या खेपेला अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी हेच ठणकावून सांगितलं आणि पेन्शन हुकली. यंदा अर्ज लिहायला मी बसलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळं असली कामं हक्कानं माझ्याकडं येतात.

"मामा, अडचणच न्हाई तर सरकार पेन्शन कावून देईल?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"मग लिव्ह. शेळी पळाली तर नुसत्या शिव्या देतो. मागं जाता येत न्हाई."

मी तसंच लिहिलं. सही करताना मामा हळूच म्हणाले, "हे शेळ्यांपुढं वाचू नको बरं का."