बर्फातला सामना आणि जाड पीठ

आमच्या मोताळ्याचा चक्कीवाला जानेवारीत सकाळी-सकाळी मोबाईलवर अमेरिकेतला फुटबॉल बघतो, तो हातानं खेळायचा. बर्फ तिकडे पडतो आणि कानटोपीत कुडकुडतो हा. संघ हरला की तिथं प्रशिक्षकाची नोकरी जाते. मग हा दिवसभर सुतकात, आणि आमचं पीठ जाड.

परवा नातीचा कबड्डीचा संघ थंडीत हरला. मी तणतणत, शाळेच्या क्रीडाशिक्षकांना काढा म्हणून अर्ज लिहून सह्या गोळा करत चक्कीवर गेले.

त्यानं अर्ज वाचला. "आजी, पोरी गारठल्या तं सरायले काढता? मंग थंडीलेच काढा ना! तिच्यावर काऊन नाही करत अर्ज?"

"तू दळ. सही कर."

त्यानं पिठाचा अख्खा पंजा कागदावर मारला. साऱ्या सह्यांवर बर्फ पडला.

मी शाळेत असताना अशाच अर्जावर पहिली सही माझी होती. शेकोटी सोडवेना म्हणून सामना घालवला मी महाराणीनं, आणि गाव सोडून गेले ते आमचे सर.

अर्ज मी चुलीत घातला. पीठ जाडच निघालं, भाकरी थापताना फाटत होती. पण चक्कीवाला बदला म्हणायची माझी छाती होईना.