माळ अडकलेला पंखा

माझा भाऊ गेल्यावर वडिलांनी देवापुढच्या दिव्याबरोबर त्याचा कॉम्प्युटरही लावायला सुरुवात केली. दिवेलागणीला दिवा लावायचा, मग जिना चढून माडीवर जायचं, बटण दाबायचं आणि खाली येऊन झोपाळ्यावर बसायचं. थोड्याच वेळात वरून घरघर सुरू व्हायची. भाऊ लग्नांचे व्हिडिओ तयार करायचा. त्यासाठी त्याने एक जुनं, दणकट ग्राफिक्स कार्ड मिळवलं होतं आणि त्या कार्डाचा पंखा अख्ख्या घराला ऐकू जायचा. घरघर चालू म्हणजे पोरगा घरात, एवढं वडिलांना पुरायचं. पोरगा मागच्या वर्षी पावसाळ्यात तापाने गेला, तरी वडिलांचं ऐकणं चालूच राहिलं.

मला तो आवाज अजिबात सोसायचा नाही. मला पोलादपूरला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. सुट्टीला महाडला माहेरी आले की संध्याकाळी वरून घरघर यायची आणि माझा हात तांदळाच्या डब्यात एकदा जास्तीचा जायचा. एकदा तर जिन्याखाली उभी राहून मी ‘जेवायला ये रे’ अशी हाक मारून बसले. उत्तर आलं तर काय करायचं, या भीतीने मी कठडा धरला. कितीतरी वेळ तशीच उभी होते.

वडिलांची सगळी नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, पंपांवर गेली. खंडेनवमीला तिथे पंपांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्या माळेला कुणी हात लावायचा नाही. यंदा मी सणाला आले होते, तेव्हा त्यांनी घरी भावाच्या कॉम्प्युटरची पूजा मांडली. उकाड्यात कॉम्प्युटरचा डबा तापतो म्हणून भाऊ त्याची एक बाजू उघडीच ठेवायचा, त्यामुळे माळ थेट आत, कार्डावर गेली. टोक पंख्यापाशी लोंबत राहिलं. संध्याकाळ झाली आणि वडिलांची पंचाईत झाली. माळ काढायची नाही आणि बटण दाबल्याशिवाय राहवायचं नाही. त्यांनी माळ तशीच ठेवून बटण दाबलं.

वरून कडकड असा आवाज आला आणि सगळं थांबलं. मी धावत वर गेले. दोरा पंख्याभोवती करकचून गुंडाळला होता, एक पातं तुटून पडलं होतं, पाकळ्या खोलीभर.

“कार्डाला कोण माळ घालतं, बाबा?” मी ओरडले. “उद्या फ्रिजला मुंडावळ्या बांधाल!”

वडील भावाच्या खाटेच्या कडेला बसले होते. “मीच बंद केला गो त्याला,” ते म्हणाले.

माझा राग तिथल्या तिथे जिरला.

दसरा झाल्यावर मी कार्ड पिशवीत घालून बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. आवाज बंद झाला म्हणून मला सुटल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण वडील दोन घास खाऊन पानावरून उठत होते. दुकानदाराने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “ताई, याचा पंखा आता मिळत नाय. दुसरे साधे पंखे बांधून देतो, थंड राहील.” त्याने तुटका पंखा काढला. खाली धुळीचा जाड, राखाडी थर होता. भाऊ दिवसदिवस त्या खोलीत बसायचा आणि पंखा तिथलीच हवा ओढायचा. थरात मला एक केस दिसला, काळा, आखूड. वडिलांचे तर कधीच पांढरे झालेले. दुकानदार कार्ड घेऊन दाराशी गेला, ब्लोअर लावला आणि मी “थांबा” म्हणेपर्यंत सगळं रस्त्यावर उडालं.

“तोंड झाका, ताई,” तो म्हणाला. मी झाकलं नाही.

नवे पंखे बिनआवाजाचे निघाले. दिवेलागणीला वडिलांनी बटण दाबलं आणि आम्ही दोघं माडीवर कान देऊन उभे राहिलो. काहीच ऐकू येईना. त्यांनी वाकून डब्याला कान लावला, तरी नाही. हा माणूस आता खाली जाऊन कशाच्या आधारावर बसणार? मग पंप तपासतात तसा त्यांनी हात डब्याच्या मागे नेला आणि हवा बाहेर पडते तिथे तळवा धरून राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

“चालू हाय,” ते म्हणाले. “हात लाव गो. बघ, गरम हाय.”

हॉस्पिटलात भावाला शेवटचा हात मीच लावला होता. त्याचं कपाळ तेव्हा गार पडलेलं होतं. मी डब्याच्या मागे हात धरला. ऊबदार हवा तळव्यावर येत राहिली. वडील खाली जेवायला निघून गेले, तरी मला तो हात काढता येईना.